टेल्ड्रासिल कोणी जाळले? फॅक्शन आणि लोरवर वाद घालण्याची रीत

ब्लिझर्ड कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेल्ड्रासिल नावाचा महावृक्ष जळाला. नाइट एल्फ लोकांची राजधानी दार्नासस त्या वृक्षाच्या माथ्यावर वसलेली होती, आणि २००४ मध्ये खेळ सुरू झाल्यापासून नाइट एल्फ निवडणारा खेळाडू आपली पहिली पावले त्याच झाडावर टाकत आला होता. खेळात होर्ड आणि अलायन्स असे दोन शत्रू गट, म्हणजे फॅक्शन आहेत; नाइट एल्फ अलायन्समधले, आणि आग लावण्याचा हुकूम होर्डची प्रमुख सिल्व्हानस विंडरनर हिने दिला. त्या रात्री आमच्या छोट्याशा गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या मंडळाच्या, व्हॉइस चॅनेलवर दोन मित्रांची जी जुंपली ती पहाटे दोनपर्यंत मिटली नाही. एक जण पुन्हा पुन्हा म्हणत होता, “तुम्ही झाड जाळलंत!” आणि दुसऱ्याचे ठरलेले उत्तर होते, “आम्ही? अरे, मी फक्त क्वेस्ट पूर्ण केली. नाही म्हणायला बटणच नव्हतं.” पहिला सिल्व्हानसच्या गुन्ह्याविषयी बोलत होता आणि दुसरा लेखकांनी रचलेल्या कथेविषयी. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. परंतु एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर लागूच पडत नसल्यामुळे, चार तास बोलूनही दोघांपैकी कोणाला दुसऱ्याचे म्हणणे खोडता आले नाही आणि पटवूनही घेता आले नाही.

फॅक्शनवरचे बहुतेक वाद याच ठिकाणी अडतात. माहिती दोन्ही बाजूंकडे भरपूर असते, किंबहुना जरा जास्तच असते. चालू प्रश्न कोणता आहे आणि त्याला कोणता पुरावा चालतो, हे मात्र ठरलेले नसते. पुढील पद्धती मी अशाच फसलेल्या वादांतून जमवल्या आहेत, आणि त्या समजावण्यासाठी शक्यतो टेल्ड्रासिलचेच उदाहरण वापरले आहे, कारण होर्ड आणि अलायन्सच्या चाहत्यांमधील जवळजवळ प्रत्येक तंटा त्या एका झाडापाशी येऊन थांबतो.

जगातला प्रश्न आणि कथनाचा प्रश्न

वादाला तोंड फुटण्यापूर्वी एक साधी कसोटी लावून पाहावी: हाच प्रश्न कथेतले एखादे पात्र विचारू शकेल काय? ‘सिल्व्हानसने निरपराध नागरिकांना का मारले?’ हा प्रश्न वृद्ध ऑर्क सेनापती सॉरफँग विचारू शकतो, आणि कथेत तो प्रश्न त्याला अक्षरशः पोखरतो. म्हणून हा जगातला प्रश्न झाला. त्याचे उत्तर अझेरॉथ या खेळातल्या जगाच्या घटनांत, संवादांत आणि पात्रांच्या हेतूंतच शोधले पाहिजे. ‘सिल्व्हानसचा हेतू खेळात न सांगता बाहेरच्या दीर्घकथेत का ठेवला?’ हा प्रश्न मात्र सॉरफँगच्या तोंडी घालता येणार नाही, कारण आपण एका खेळातले पात्र आहोत हे त्याला ठाऊक नाही. हा कथनाचा प्रश्न आहे, आणि त्याची जबाबदारी लेखकांवर येते, होर्डवर नाही.

ही कसोटी लावली की अनेक वाद तिथल्या तिथे दुभंगतात. होर्डचा पूर्वीचा प्रमुख गॅरोश याचे उदाहरण घ्या: ‘गॅरोश मुळातच क्रूर होता’ हे विधान आणि ‘गॅरोशला घाईघाईने खलनायक करण्यात आले’ हे विधान एकमेकांविरुद्ध नाही; दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. गोंधळ उडतो तो जगातल्या प्रश्नाला कथनाचे उत्तर दिल्यावर, आणि हे बहुतेकदा अडचणीत सापडलेला पक्ष करतो. आपल्या फॅक्शनचे कृत्य समर्थनीय नाही असे दिसू लागले की ‘हे सगळे वाईट लेखन आहे, ती असे करणारच नाही’ असे म्हणून मागच्या दाराने निसटता येते. तसे निसटायला हरकत नाही, फक्त आपण विषय बदलत आहोत हे उघडपणे सांगावे. “जगातल्या प्रश्नावर मी हरलो, आता कथनाविषयी बोलू” एवढे एक वाक्य पुरते, आणि ते म्हणणाऱ्याचे वजन कमी होत नाही, उलट वाढते.

‘मला वाईट वाटले’ हा तिसरा प्रकार आहे आणि तो वादात आणूच नये. चौदा वर्षे ज्या झाडावर एखाद्याचे पात्र वावरले, ते झाड जळाल्यावर त्याला वाटणारे दुःख खरेच असते. त्याला प्रत्युत्तर द्यायचे नसते. ऐकून घ्यायचे असते.

बखर कोणती आणि अस्सल कागद कोणता

शिवकाळावर वाद घालताना बखरीतला उतारा आणि त्याच वर्षीचे पत्र यांना आपण एका तागडीत तोलत नाही. बखर पुष्कळदा नंतर लिहिलेली असते, लिहिणाऱ्याला कोणाची तरी बाजू असते, आणि तरीही ती टाकाऊ नसते. ती कशासाठी वापरायची हे ठाऊक असावे लागते. ऑनलाइन खेळांच्या लोरला, म्हणजे त्या जगाच्या कथा-इतिहासाला, हाच विवेक लागतो, कारण तिथले साहित्य वीस-वीस वर्षे साचत गेलेले असते. १९९४ च्या पहिल्या ‘वॉरक्राफ्ट’पासून धरले तर हे जग तीस वर्षांहून जुने आहे. त्याची माहिती रणनीती-खेळांच्या पुस्तिका, कादंबऱ्या, कॉमिक्स, ॲनिमेशनपट, क्वेस्टचे मजकूर आणि निर्मात्यांच्या मुलाखती अशा सगळीकडे विखुरलेली आहे. कागद-फाशांच्या ‘वॉरक्राफ्ट’ खेळाची पुस्तकेही निघाली होती, परंतु ती अधिकृत इतिहासात धरायची नाहीत असे कंपनीनेच पुढे स्पष्ट केले. तरीही त्यांतले आकडे आणि वंशावळ्या आजही कोणी ना कोणी छातीठोकपणे पुढे करतोच.

माझा क्रम असा आहे. खेळात स्वतः पाहिलेली घटना सर्वांत वर, कारण ती सर्व खेळाडूंच्या समोर घडलेली असते. त्यानंतर खेळातल्या पात्राचे बोलणे, पण ते ‘साक्ष’ म्हणून. पात्र खोटे बोलू शकते, चुकू शकते, आणि त्याला स्वतःचा गट असतो. त्यानंतर अधिकृत कथा-कादंबऱ्या. मुलाखतीतली उत्तरे सर्वांत खाली. हा शेवटचा भाग अनेकांना उलटा वाटतो. ज्यांनी जग घडवले त्यांच्याच शब्दाला सर्वांत कमी किंमत कशी, असे ते विचारतात. त्यांना मी २०१० च्या ब्लिझकॉन या ब्लिझर्डच्या मेळाव्यातला प्रसंग सांगतो. तिथल्या प्रश्नोत्तरांत लाल शर्ट घातलेल्या एका तरुणाने विचारले की, बुटक्यांच्या (ड्वार्फ वंशाच्या) तीन कुळांच्या परिषदेवर वाइल्डहॅमर कुळाचा फाल्स्टॅड का नाही. व्यासपीठावरून उत्तर आले की तो एका कादंबरीत मेला ना! त्या तरुणाने शांतपणे सांगितले की तो मेलेला नाही, आणि खेळाच्या आरंभापासून तो एरी पीक या वस्तीचा प्रमुख म्हणून उभाच आहे. तरुण बरोबर होता. कंपनीने पुढे फाल्स्टॅडला त्या परिषदेवर बसवले, आणि आयर्नफोर्ज या बुटक्यांच्या राजधानीत त्याच्या जवळ लाल शर्टातला ‘वाइल्डहॅमर तथ्य-तपासनीस’ नावाचा एक बुटका उभा करून चूक हसतहसत मान्य केली. निर्मात्यांची स्मरणशक्तीही माणसाचीच असते; पुरावा एरी पीकवर उभा होता, आणि तिथे जाऊन कोणीही तो पाहू शकत होते.

एवढ्यानेही क्रम कायमचा ठरत नाही, कारण निर्माते मागे जाऊन इतिहास बदलतात. चाहते याला रेटकॉन म्हणतात. सर्वांत गाजलेले उदाहरण एरेडार वंशाचे आहे. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’च्या पुस्तिकेनुसार एरेडार हे मुळातले दुष्ट मांत्रिक होते आणि त्यांच्या दुष्टपणाने सार्गेरस या टायटनचे, म्हणजे विश्व घडवणाऱ्या देवतुल्य शक्तीचे, मन ढासळले. २००७ च्या ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारात, म्हणजे खेळाला जोडलेल्या नव्या भागात, क्रम नेमका उलटला: एरेडार हे बुद्धिमान, सुसंस्कृत लोक होते, सार्गेरसनेच त्यांना भ्रष्ट केले, आणि जे निसटले त्यांतून अलायन्सचे ड्रेनाय झाले. वॉरक्राफ्टच्या कथेचे प्रमुख शिल्पकार ख्रिस मेट्झेन यांनी ही विसंगती आपल्या नजरेतून सुटल्याची जाहीर कबुली दिली होती. अशा ठिकाणी नवे ते खरे, हा सर्वसाधारण नियम. पण वादात जुन्या पुस्तिकेचा उतारा देणाऱ्याला ‘अडाणी’ म्हणू नये. तो चुकलेला नसतो, त्याच्याकडची आवृत्ती जुनी असते, एवढेच.

आणखी एक पेच आहे. २०१६ पासून ‘क्रॉनिकल’ नावाची ग्रंथमाला निघू लागली, तेव्हा चाहत्यांना वाटले की आता शेवटचा शब्द मिळाला. पुढे निर्मात्यांकडूनच असे सांगण्यात आले की त्यातले वर्णन टायटनांच्या दृष्टिकोनातून आहे. म्हणजे ज्याला आपण ताम्रपट समजत होतो तीही एक बखरच निघाली. मला स्वतःला ही युक्ती थोडी सोयीची वाटते, कारण त्यामुळे पूर्वीचे कोणतेही विधान केव्हाही ‘तो एक दृष्टिकोन होता’ म्हणून मोडीत काढता येते. परंतु वाद घालणाऱ्याने ती वस्तुस्थिती म्हणून स्वीकारलीच पाहिजे.

विधानाला तारीख लावणे

टेल्ड्रासिलच्या वादात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली सवय म्हणजे प्रत्येक विधान कोणत्या काळापर्यंतच्या माहितीवर उभे आहे ते सांगणे. सिल्व्हानसने झाड का जाळले, या एका प्रश्नाची उत्तरे काळानुसार कशी बदलली ते जवळून पाहू.

आगीच्या सुमारास दोन अधिकृत दीर्घकथा आल्या: होर्डच्या बाजूने रॉबर्ट ब्रूक्स यांची ‘अ गुड वॉर’ आणि नाइट एल्फ लोकांच्या बाजूने क्रिस्टी गोल्डन यांची ‘एलेजी’. पहिलीत युद्धाचा हिशेब स्पष्ट मांडलेला आहे. सिलिथस प्रदेशाच्या दिशेने कूच केल्याचा देखावा करायचा, नाइट एल्फ सैन्य तिकडे ओढायचे, मोकळ्या पडलेल्या वाटेने जाऊन टेल्ड्रासिल ताब्यात घ्यायचे आणि ते ओलीस ठेवून अलायन्समध्ये फूट पाडायची. म्हणजे मूळ बेत जाळण्याचा नव्हता, जिंकण्याचा होता. बेत बिघडला तो नाइट एल्फांचा नेता मालफ्युरियन याच्यापाशी. सिल्व्हानसशी लढणाऱ्या मालफ्युरियनवर सॉरफँगने पाठीमागून कुऱ्हाड टाकली, त्याला संपवण्याचे काम सिल्व्हानसने सॉरफँगवरच सोडले, आणि लाजेने खचलेल्या सॉरफँगने नाइट एल्फांची प्रमुख टिरांडे हिला तिच्या जखमी पतीसह जाऊ दिले. नाइट एल्फांची आशा मोडण्यासाठी ज्याचा मृत्यू हवा होता तो जिवंत राहिला. याच सुमारास आलेल्या ॲनिमेशनपटात मरणासन्न नाइट एल्फ अधिकारी डेलारिन आणि सिल्व्हानस यांच्यात आशेवरूनच बोलणे होते आणि मग हुकूम सुटतो. फक्त हा लघुपट पाहणाऱ्याला आग हा रागाचा झटका वाटतो. दीर्घकथा वाचणाऱ्याला ती फसलेल्या बेताची थंड डोक्याने केलेली भरपाई वाटते. दोघेही आपापला पुरावा नीट वाचत आहेत.

नंतर २०२० च्या ‘शॅडोलँड्स’ या विस्तारात उलगडले की सिल्व्हानसचा मृतलोकातल्या जेलर या शक्तीशी करार होता आणि मरणाऱ्यांचे आत्मे त्याच्या तुरुंगात जात होते. या माहितीनंतर युद्धाचा सगळा हिशेबच वरवरचा ठरतो. जितके मृत्यू तितका फायदा, असा तिसरा अर्थ पुढे येतो. २०२२ मध्ये तिचा न्याय झाला आणि निकाल देण्याचा अधिकार टिरांडेला मिळाला. जेलरच्या त्याच तुरुंगात जाऊन अडकलेल्या आत्म्यांना सोडवत राहण्याची शिक्षा सिल्व्हानसला सुनावली गेली.

आता कोणी म्हणाला की ‘सिल्व्हानसने रागाच्या भरात आग लावली’, तर त्याला थेट खोटे पाडण्याऐवजी विचारावे: हे २०१८ च्या माहितीवर म्हणतोस की २०२२ च्या? वादाचा निम्मा ताप तिथेच उतरतो. शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात येते. सॉरफँगवर, किंवा त्या युद्धात उतरलेल्या साध्या ऑर्क सैनिकावर दोष ठेवताना, त्यांना त्या क्षणी जे ठाऊक होते त्यावरच ठेवला पाहिजे. जेलरचे रहस्य त्यांना माहीत नव्हते. न्यायालयातही आरोपीला पुढे उघड झालेल्या गोष्टींसाठी दोषी धरत नाहीत.

तुलना करायची असेल तर पूर्ण करावी

टेल्ड्रासिलचा उल्लेख झाला की होर्डचा चाहता टॉराजो काढतो, आणि टॉराजो निघाला की अलायन्सचा चाहता थेरामोर काढतो. अशा वादांत यादीला यादी भिडते आणि कोणीच काही तपासत नाही. तुलना वर्ज्य नाही, पण ती एकेका निकषावर व्हावी: हुकूम कोणाचा, लक्ष्य कोण, नागरिकांसाठी काय केले, आणि कृत्य झाल्यावर त्या गटाने स्वतः काय केले.

‘कॅटॅक्लिझम’ या २०१० च्या विस्तारातले टॉराजो घ्या. दक्षिण बॅरन्समधली, होर्डमधल्या टॉरेन शिकाऱ्यांची ही वस्ती अलायन्सचा सेनापती हॉथॉर्न याने उद्ध्वस्त केली. होर्डच्या बाजूने खेळणाऱ्याला तिथे जळके अवशेष आणि त्यांत फिरणारे लुटारू दिसतात, आणि त्याला जे वाटायचे ते वाटते. परंतु त्याच भागात अलायन्सचे पात्र घेऊन गेले की हॉथॉर्नची बाजू ऐकायला मिळते: नागरिकांना पळता यावे म्हणून त्याने आपल्या फळीत मुद्दाम वाट ठेवली होती. त्या वाटेने पळालेल्यांचे पुढे भले झाले नाही, हेही तिथेच कळते. आता चार निकष लावले की टॉराजो आणि टेल्ड्रासिल एका पंक्तीत बसत नाहीत हे दिसते, आणि त्याच वेळी हॉथॉर्न निर्दोष सुटत नाही हेही दिसते. २०१२ मध्ये गॅरोशने माना-बॉम्ब टाकून अलायन्सचे थेरामोर शहर नष्ट केले, त्याच्याशी टेल्ड्रासिलची तुलना जास्त जुळते. तिथे मात्र चौथा निकष महत्त्वाचा ठरतो, कारण २०१३ च्या सप्टेंबरमध्ये होर्डची राजधानी ओर्ग्रिमार हिच्या वेढ्यात होर्डमधल्याच बंडखोरांनी अलायन्सच्या साथीने गॅरोशला खाली खेचले. आणि थेरामोरनंतर त्या शहराची शासक जेना हिने दालारान या जादूगारांच्या नगरातून होर्डच्या बाजूच्या सनरीव्हर एल्फांना ज्या रीतीने हाकलले, तो प्रसंग अलायन्सच्या चाहत्यांनी आपल्या यादीत स्वतःहून घालावा. आपल्या फॅक्शनचे काळे पान आपणच आधी उघडले तर समोरच्याला ते फडकावण्यात रस उरत नाही.

यासाठी दुसऱ्या बाजूचे एक पात्र तयार करून तोच भाग पुन्हा खेळणे, याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. दोन संध्याकाळी जातात. आमच्या गिल्डमधल्या कट्टर होर्डवाल्याने एकदा पैज हरल्यावर नाइट एल्फ बनवला. जळत्या दार्नाससमधून लोकांना बाहेर काढण्याच्या त्या मोहिमेत अलायन्सच्या खेळाडूला शेकडो नागरिक वाचवायचे असत आणि हाताशी मोजकी मिनिटे असत. कितीही धावले तरी काम पुरे होऊ नये अशीच तिची रचना होती. त्याने हा प्रसंग पूर्वी व्हिडिओत दहा वेळा पाहिला होता. ती मोहीम आता खेळता येत नसल्यामुळे मी तिचा व्हिडिओ त्याला नाइट एल्फच्या बाजूने, मधे न थांबवता, पुन्हा पाहायला लावला, आणि त्या रात्री त्याने पुढचा मुद्दा मांडला नाही.

‘ऑनर’ला मराठीत काय म्हणायचे

मराठीत हा वाद घालताना एक खास अडचण येते, आणि ती फायद्याचीही ठरते. होर्डच्या कथेत ‘ऑनर’ हा शब्द पदोपदी येतो. आपण तो तसाच वापरतो, आणि मग एकाच शब्दाखाली प्रत्येक जण वेगळी गोष्ट धरतो. कोणी ‘अब्रू’ समजतो, म्हणजे लोक काय म्हणतील. कोणी ‘इमान’, म्हणजे दिलेल्या शब्दाला आणि धन्याला जागणे. आणि कोणी ‘रणधर्म’, म्हणजे पाठमोऱ्यावर वार न करणे. सॉरफँगच्या बाबतीत हे तिन्ही एकमेकांशी भांडतात. मालफ्युरियनवर मागून कुऱ्हाड टाकली तेव्हा त्याचा रणधर्म मोडला, आणि मालफ्युरियनला जाऊ दिले तेव्हा प्रमुखाशी असलेले इमान मोडले. ‘सॉरफँगला ऑनर होता की नव्हता’ असा वाद दोन वर्षेही चालेल. ‘त्याने इमान मोडून रणधर्म राखला, हे बरोबर केले का’ असे विचारले की बोलण्याला धार येते. तेव्हा वादाच्या सुरुवातीलाच, ज्या मोठ्या शब्दावर सगळे फिरते आहे तो शब्द मराठीत मोडून पाहावा. ‘मॉन्स्टर’, ‘लॉयल्टी’, ‘रिडेम्प्शन’ यांनाही हेच लागू आहे. ‘रिडेम्प्शन’ म्हणजे प्रायश्चित्त, क्षमा की पुनर्वसन, हे ठरल्याशिवाय सिल्व्हानसच्या २०२२ च्या निकालावर बोलण्यात अर्थ नाही.

आधी पूर्वपक्ष

आपल्याकडच्या शास्त्रार्थाची जुनी रीत अशी की, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतकेच, शक्य तर त्याच्याहून चांगले मांडायचे, आणि मगच त्याचे खंडन करायचे. फॅक्शनच्या वादात ही रीत विलक्षण उपयोगी पडते. अलायन्सच्या चाहत्याने टेल्ड्रासिलवरचा होर्डचा पूर्वपक्ष मांडायचा झाला तर तो साधारण असा होईल: ‘लीजन’ या विस्ताराच्या अखेरीस सार्गेरसची तलवार सिलिथसमध्ये घुसल्यानंतर ॲझेराइट नावाचे प्रचंड शक्तीचे द्रव्य वर येऊ लागले, ते ज्याच्या हाती अधिक त्याच्या हाती पुढचे युद्ध, दोन्ही गटांत खरा समेट कधीच झालेला नव्हता, म्हणून आज थोड्या रक्ताने केलेले युद्ध उद्याच्या मोठ्या संहारापेक्षा बरे, असे सिल्व्हानसने सॉरफँगला पटवले आणि सॉरफँगसारख्या अनुभवी योद्ध्यालाही ते पटले. हे मांडल्यावर मग खंडन नेमके करता येते: हा सारा युक्तिवाद फार तर झाड ताब्यात घेण्यापर्यंत जातो, जाळण्यापर्यंत पोहोचत नाही, शिवाय जिवंत ओलीस हातात असताना ते जाळून टाकणे ही मूळ बेताशीच प्रतारणा आहे. ‘होर्ड रानटी आहे’ या वाक्यापेक्षा हे कितीतरी जड पडते, आणि होर्डच्या विचारी चाहत्याला ते नाकारणेही कठीण जाते.

कथनावर टीका करताना

‘लेखन भिकार आहे’ हे मत आहे, टीका नाही. टीका व्हायची तर लेखकांनी काय करायचे ठरवलेले दिसते आणि ते कुठे निसटले, हे दाखवता आले पाहिजे. टेल्ड्रासिलबाबत मला तीन तक्रारी टिकाऊ वाटतात. पहिली, हेतूचा गाभा खेळाबाहेरच्या दीर्घकथेत राहिला, त्यामुळे ज्याने नुसता खेळ खेळला त्याला परिणाम दिसला आणि कारण दिसले नाही. दुसरी, होर्डच्या खेळाडूला कृत्यात सहभागी केले पण नकाराची वाट दिली नाही. पुढे सॉरफँगची साथ द्यायची की सिल्व्हानसशी एकनिष्ठ राहायचे असा पर्याय मिळाला खरा, परंतु दोन्ही वाटा २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ८.२.५ पॅचला, म्हणजे खेळाच्या सुधारित आवृत्तीत, ओर्ग्रिमारच्या दाराशी, सॉरफँगच्या अखेरच्या द्वंद्वापाशीच येऊन मिळाल्या. तिसरी, गॅरोशच्या वेळची गोष्ट, म्हणजे प्रमुख बिघडतो आणि होर्ड त्याच्याविरुद्ध उठते, पाच-सहा वर्षांत पुन्हा सांगितली गेली.

या तक्रारींना उत्तरेही आहेत आणि टीकाकाराला ती ठाऊक असावीत. हजारो जणांनी एकत्र खेळायच्या जगात प्रत्येक खेळाडूसाठी वेगळा शेवट ठेवला, तर पुढच्या विस्ताराला सामाईक जमीनच राहत नाही. म्हणून वाटा पुन्हा एकत्र आणणे ही त्या माध्यमाची गरज आहे. पुनरावृत्तीच्या आक्षेपाला मात्र मी अजून समाधानकारक उत्तर ऐकलेले नाही. सॉरफँगला गॅरोश पुरता आठवत होता, हे कथेत येते. पण पात्राला आठवते म्हणून पुनरावृत्ती पुनरावृत्ती राहत नाही, असे थोडेच आहे!

अलायन्सच्या बाजूची ‘आम्हाला न्याय मिळाला नाही’ ही तक्रार मोजताना पुढच्या घटनाही मोजाव्यात. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टेल्ड्रासिलजवळच्या डार्कशोरची लढाई आली आणि टिरांडे ‘नाइट वॉरियर’ झाली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये अमिरड्रासिल हा नवा महावृक्ष रुजला आणि नाइट एल्फांना पुन्हा घर मिळाले. पाच वर्षे हा फार मोठा काळ आहे की योग्य, यावर मतभेद असू द्यावेत. दरम्यान २०२२ च्या ९.२.५ पॅचपासून दोन्ही गटांचे खेळाडू एकत्र डंजन आणि रेड या सामूहिक मोहिमा खेळू शकतात, त्यामुळे ज्याच्याशी आपण भांडतो तोच आता आपल्या जखमा भरणारा हीलर असतो. आमच्या गिल्डमधली भांडणे यामुळे कमी झाली नाहीत; फक्त ती आता बॉस मारून झाल्यावर होतात.

दुसऱ्या जगात हे नियम जसेच्या तसे नेऊ नयेत

‘एल्डर स्क्रोल्स’च्या जगात विसंगती ही चूक नसून रचना आहे. तिथला इतिहास खेळातल्या पुस्तकांतून कळतो, ती पुस्तके त्या जगातल्या पक्षपाती लेखकांनी लिहिलेली असतात, आणि १९९६ च्या ‘डॅगरफॉल’चे परस्परविरोधी शेवट पुढे ‘सगळेच एकदम घडले’ असे सांगून पचवले गेले. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये तीन आघाड्या सिंहासनावर हक्क सांगतात, आणि तिन्हींचा युक्तिवाद पटण्यासारखाच रचलेला आहे. तिथे ‘नेमके काय घडले’ यापेक्षा ‘हे कोण सांगतो आणि त्याला काय हवे आहे’ हा प्रश्न जास्त फळ देतो. वॉरक्राफ्टमध्ये तीच दृष्टी सरसकट लावली तर साधी विस्मृतीही गूढ योजना वाटू लागते, आणि मग फाल्स्टॅड परिषदेवर नसण्यामागेही कोणी तरी गहन कारण शोधत बसतो.

क्लासिकमधून आलेला माणूस

शेवटी एका प्रकारच्या प्रतिवाद्याविषयी सांगायचे राहिले. २०१० मध्ये ‘कॅटॅक्लिझम’ने जुने जग मुळापासून बदलले, अनेक जुन्या मोहिमा नाहीशा झाल्या, आणि सिल्व्हानसची राजधानी अंडरसिटी हिची २००८ मधली लढाईही त्यांतच गेली. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘क्लासिक’ सर्व्हर सुरू झाले आणि जुने जग पुन्हा उघडले. आता अनेक जण तिथूनच या जगात येतात. अशा खेळाडूने सिल्व्हानसला फक्त अंडरसिटीच्या तळघरात उभी असलेली एक दुःखी राणी म्हणून पाहिलेले असते, आणि तिची बाजू घेताना तो जे बोलतो ते त्याच्यापुरते अगदी खरे असते. त्याच्यापुढे २०१८ ते २०२२ ची कागदपत्रे फेकली तर त्याची पुढची कथा वाया जाते, आणि आपला वादही जिंकल्यासारखा वाटत नाही. चालू खेळातसुद्धा डार्कशोरमध्ये झिडोर्मी नावाचे एक पात्र उभे आहे. तिच्याशी बोलले की काळ मागे जातो आणि आग लागण्यापूर्वीचे टेल्ड्रासिल पुन्हा दिसते. तेव्हा अशा माणसाशी बोलायला बसताना आधी एवढेच विचारून घ्यावे की, तुझ्याकडे झाड अजून उभे आहे की जळून गेले.